कळविण्यात येते की…

वर्तमानपत्रात सगळ्यात कमी वाचला जाणारा मजकूर कोणता, असं विचारलं तर लोक निविदा सूचनेचं नाव घेतील. साफ चूक. निविदा सूचना ठेकेदार डोळ्यांत तेल घालून वाचतात. सगळ्यात कमी वाचला जातो तो खुलासा. बातमी येते पहिल्या पानावर, चार कॉलमी, फोटोसकट. खुलासा येतो पाचव्या दिवशी, सातव्या पानाच्या तळाला, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या निवेदनाला टेकून. ‘आपल्या दैनिकात प्रसिद्ध झालेले वृत्त वस्तुस्थितीला धरून नाही’ अशी त्याची सुरुवात असते, आणि ज्यांनी मूळ बातमी वाचलेलीच नसते तेही त्यामुळे सावध होऊन विचारतात, “काय हो, काय होतं त्या बातमीत?” असे खुलासे लिहिण्यात माझी अख्खी नोकरी गेली. मी एका महापालिकेत जनसंपर्क अधिकारी होतो. कुठल्या ते सांगत नाही. सांगितलं तर तिकडून खुलासा येईल.

हल्ली पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाची मुलं-मुली अधूनमधून घरी येतात. जनसंपर्कात करिअर करायचंय, म्हणतात. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : “सर, मला लोकांशी बोलायला आवडतं.” आता यांना कसं सांगावं? बोलायची आवड असणाऱ्यानं विमा विकावा, निवडणूक लढवावी, कीर्तन करावं. जनसंपर्काच्या खुर्चीतला माणूस निम्मा दिवस दुसऱ्यांना बोलण्यापासून परावृत्त करण्यात घालवतो. “साहेब, हे आत्ता नको.” “साहेब, तेवढा एक शब्द काढू या.” “साहेब, संपादकांना तुम्ही नका फोन करू, मी बघतो.” आमच्या एका वरिष्ठांनी खड्ड्यांवरच्या टीकेला उत्तर तयार केलं होतं. त्यात म्हटलं होतं की खड्ड्यांमुळे वाहनांचा वेग मर्यादित राहतो आणि अपघातांना आळा बसतो. त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात राहिला आणि ते सन्मानानं निवृत्त झाले. माझी चांगली म्हणावीत अशी बहुतेक कामं ही अशी, कुठंही छापून न आलेली. बायोडेटात ती कशी लिहायची, हे मला कधी उमगलं नाही.

दिवस सुरू व्हायचा तो कात्रणांनी. डझनभर वर्तमानपत्रं, कात्री, डिंकाची बाटली, लाल पेन्सिल आणि आमचे लिपिक. ते बातम्या कापत, कोऱ्या कागदावर चिकटवत, वर दैनिकाचं नाव आणि तारीख टाकत, आणि ‘तात्काळ खुलासा करावा’ असा शिक्का मारून कागद त्या त्या खात्याकडे धाडत. यात एक अडचण अशी की वर्तमानपत्राला दोन बाजू असतात. रस्त्याची बातमी कापली की मागच्या बाजूची ड्रेनेजची बातमी कमरेत तुटायची. म्हणून महत्त्वाच्या दैनिकांचे दोन-दोन अंक घ्यावे लागत. त्यावर लेखापरीक्षकांनी आक्षेप काढला, की एकाच वर्तमानपत्राच्या दोन प्रती खरेदी करण्याचे प्रयोजन काय? त्याचाही खुलासा मीच लिहिला.

खात्यांकडून येणारे खुलासे हा स्वतंत्र संग्रहाचा विषय आहे. ‘सदर ठिकाणी खड्डा नसून रस्ता खचलेला आहे.’ ‘सदर कचरा आमच्या प्रभागातील नसून वाऱ्याने आलेला आहे.’ ‘सदर भिंत पडलेली नाही, कललेली होती, ती आज सकाळी पडली.’ हे वाचून हसू यायचं खरं, पण यातून छापण्याजोगं, आणि मुख्य म्हणजे खरं, असं दोन ओळींचं वाक्य काढणं ही कारागिरी होती. त्यासाठी त्या खात्यात जाऊन बसावं लागे, चहा घ्यावा लागे आणि उपअभियंत्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकावं लागे. बहुतेक वेळा त्यांचंही काही चुकलेलं नसे. रस्ता करणाऱ्यानं रस्ता केलेला असे आणि केबल टाकणाऱ्यानं तो खोदलेला असे.

आता थोडं साहित्याबद्दल. महापालिकेच्या साहित्यात सर्वाधिक वाचकप्रिय कृती कोणती, तर ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद’. मुंबईत हा मान मध्य रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकला आहे. माटुंगा ते मुलुंड कुठला मार्ग बंद, जलद गाड्या धीम्या मार्गावर किती ते किती, हे शनिवारी लोक जितकं मन लावून वाचतात तितकं अग्रलेख लिहिणाऱ्याचं भाग्य नाही. आमच्याकडे पाणी. पाणीपुरवठा खात्याकडून टिपण यायचं ते असं : ‘मुख्य जलशुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या १२०० मिमी व्यासाच्या मुख्य जलवाहिनीवरील स्लुइस व्हॉल्व्ह बदलणे तसेच उदंचन केंद्रातील विद्युत व स्थापत्यविषयक तातडीची देखभाल-दुरुस्ती करणे ही कामे हाती घेण्यात येणार असल्याने…’ इथपर्यंत वाचणाऱ्याची भांडी भरायची वेळ टळून गेलेली असते. कुठल्या पेठेत, कुठल्या दिवशी, किती वाजेपर्यंत, हे सगळं चौथ्या परिच्छेदात.

मी तो कागद उलटा करायचो. शेवटचं आधी. भाग, वार, वेळ. मग ‘शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल’. आणि सगळ्यात खाली, ज्याला हवं त्यानं वाचावं अशा जागी, तो १२०० मिमी व्यास. बातमी अशीच लिहितात, यात नवल काही नाही. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापत येतो, हे पत्रकारितेच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. पण अभियंता साहेबांना ते पसंत नसे. “तुम्ही व्यास खाली का नेलात?” ते दुखावल्या स्वरात विचारत. त्यांच्या लेखी सगळी बातमी त्या व्यासातच होती, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर तीही खरीच. रात्रभर त्या खड्ड्यात कमरेएवढ्या चिखलात त्यांची माणसं उभी राहणार होती. दर वेळी आमचा थोडा वाद होई, दर वेळी व्यास खाली जाई, आणि पुढच्या टिपणात तो पुन्हा पहिल्या ओळीत हजर.

आकडे लोकांना कळत नाहीत असं नव्हे. ते कशाला तरी टेकवावे लागतात. पुण्यात खडकवासला धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे म्हटलं तर माणूस ‘बरं’ म्हणून पान उलटतो. नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला म्हटलं की तोच माणूस ऑफिसला जायचा रस्ता बदलतो.

पण साहित्यातला सगळ्यात जोखमीचा प्रकार म्हणजे निमंत्रणपत्रिका. बाहेरच्याला वाटतं, त्यात काय, कार्यक्रम, स्थळ, वेळ. छे! उद्घाटन एका नळकोंडाळ्याचं असलं तरी पत्रिकेत उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती अशा पायऱ्या असतात. विशेष आणि सन्माननीय यांत नेमका फरक काय, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. पण ज्याला विशेष हवं असतं त्याला सन्माननीय चालत नाही, एवढं पक्कं ठाऊक आहे. पालकमंत्री, खासदार, आमदार, महापौर, उपमहापौर, स्थायी समितीचे अध्यक्ष, सभागृह नेते, विरोधी पक्षनेते, गटनेते, प्रभागातले नगरसेवक. राजशिष्टाचाराचे नियम असतात, पण ते नावांच्या क्रमापुरते. अक्षराच्या जाडीबद्दल, फोटोच्या आकाराबद्दल आणि दोन आमदारांपैकी उजवीकडे कोण याबद्दल शासन मौन पाळून आहे. मी छपाईच्या आदल्या रात्री छापखान्यात फूटपट्टी घेऊन फोटो मोजलेले आहेत. ‘आमच्या साहेबांची टोपी कापली गेली’ अशी तक्रार आलेली आहे, आणि ती रास्त होती.

पत्रिकेतून सुटलं तर कोनशिला. तिथं दगडावर कोरायचं असल्यामुळे खुलाशाला वाव नाही. आणि एवढं करून निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, की ती सगळी नावं झाकायची. त्यासाठी कोनशिलांवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवतात. एकदा सहज जवळ जाऊन पाहिलं तर पालकमंत्र्यांच्या नावावर ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद’ होतं. आचारसंहितेचा काळ आम्हा लोकांना फार प्रिय. त्या दिवसांत कुणाला श्रेय घेता येत नाही, त्यामुळे कोणी फोनही करत नाही.

फोटो ओळीबद्दलही सांगायला हवं. ‘छायाचित्रात डावीकडून’ या दोन शब्दांनंतर काय येतं यावर माणसांचे संबंध टिकतात आणि तुटतात. मुरलेले पुढारी फोटोच्या टोकाला कधी उभे राहत नाहीत. टोकाची माणसं जागेअभावी कापली जातात, हे त्यांना उपसंपादकाइतकंच ठाऊक असतं. ते अगदी शेवटच्या क्षणी, छायाचित्रकारानं कॅमेरा डोळ्याला लावला की, फीत कापणाऱ्याच्या खांद्यामागून अलगद मध्ये उगवतात. जनसंपर्क अधिकाऱ्याची जागा कॅमेऱ्याच्या अलीकडे, छायाचित्रकाराच्या कानाशी. “अहो, ते निळ्या जाकिटातले यायला हवेत.” “ते कोण?” “ते मी नंतर सांगतो. आधी घ्या.”

पत्रकार परिषदेचं बाहेर फार कौतुक. प्रत्यक्षात ती साडेअकराची असली की बाराला सुरू होते, पावणेएकला संपते आणि तिचा विषय पाच मिनिटांत आटोपतो. उरलेला वेळ विषयाबाहेरच्या प्रश्नांचा. बागेच्या सुशोभीकरणाची माहिती द्यायला साहेब बसलेले असतात आणि तिसऱ्या रांगेतला शांत दिसणारा वार्ताहर, ज्यानं आत्तापर्यंत वहीसुद्धा उघडलेली नसते, तो विचारतो, “साहेब, ते टँकरच्या बिलांचं काय झालं?” अशा वेळी साहेब एकदा माझ्याकडे बघतात. त्या बघण्यात सगळी नोकरशाही सामावलेली असते.

साहेबांना मी एकच वाक्य घोटून पाठ करायला लावायचो : “मला आत्ता माहिती नाही. संध्याकाळी सहाच्या आत कळवतो.” मोठ्या अधिकाऱ्याला हे वाक्य उच्चारणं किती जड जातं, कल्पना नाही तुम्हाला! माहिती नसताना माहिती असल्यासारखं बोलण्याच्या जोरावरच काही जण तिथवर पोचलेले असतात. आणि या वाक्याचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा. सहाच्या आत खरोखर कळवायचं. उत्तर अडचणीचं असलं तरी कळवायचं. डाक आवृत्ती आधी सुटते, शहर आवृत्ती रात्री; त्या मधल्या वेळात तुम्ही फोन उचललात की नाही यावर तुमची सगळी पत ठरते. जेवणं घातली, भेटवस्तू दिल्या, दिवाळीला डायऱ्या वाटल्या, त्यानं काही होत नाही. वार्ताहर डायरी घेतो आणि त्याच डायरीत टँकरचा हिशेब लिहितो. बरोबरच आहे त्याचं.

या धंद्याचा मूळपुरुष म्हणून अमेरिकेतल्या आयव्ही ली यांचं नाव घेतात. हा गृहस्थ आधी बातमीदार होता. १९०६ मध्ये कोळसा खाणमालकांचं काम घेतलं तेव्हा त्यानं वर्तमानपत्रांना आधीच कळवून टाकलं, की आमचं काम उघड्यावर चालेल, माहिती अचूक देऊ, आणि हे तुम्हाला जाहिरातीसारखं वाटलं तर खुशाल छापू नका. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात गेली. पन्नासहून अधिक माणसं दगावली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत अशी, की अपघात झाला की तोंड मिटायचं, वार्ताहरांना जवळ फिरकू द्यायचं नाही. ली यांनी उलट केलं. खास गाडीनं वार्ताहरांना तिथं नेलं आणि कंपनीला जे माहीत होतं ते लेखी दिलं. न्यूयॉर्क टाइम्सनं तो मजकूर जसाच्या तसा छापला. जगातलं पहिलं प्रसिद्धिपत्रक ते हेच, असं बरेच जण मानतात.

मला या गोष्टीत त्या पत्रकापेक्षा त्याच्या आधीचे काही तास दिसतात. रेल्वेच्या संचालकांसमोर हा माणूस उभा असणार आणि ते सगळे म्हणत असणार, “वार्ताहरांना आपणहून बोलवायचं? आणि तेही आपल्या खर्चानं?” त्या खोलीत तो काय बोलला ते कुठं छापलेलं नाही, पण खरा जनसंपर्क तिथं झाला. पुढं याच ली साहेबांनी रॉकफेलरांची बाजू मांडली, टीकेचे धनी झाले आणि कादंबरीकार अप्टन सिंक्लेअरनं त्यांना अंगाला खाज आणणाऱ्या विषारी वेलीचं नाव ठेवलं. मूळपुरुष झाला तरी शेवटी माणूस.

दुसरे आचार्य एडवर्ड बर्नेज. हे सिग्मंड फ्रॉइडचे भाचे, तेही आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही नात्यांनी. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर त्यांनी तरुणींना भर मिरवणुकीत सिगारेटी शिलगावायला लावल्या, त्यांना स्वातंत्र्याच्या मशाली म्हटलं आणि सिगारेट कंपनीचा माल खपवला. घरी मात्र बायकोची सिगारेट सुटावी म्हणून त्यांची खटपट चालू असे. ते १०३ वर्षं जगले. दोन्ही आचार्यांची नावं अभ्यासक्रमात असतात. मुलांना बर्नेज जास्त आवडतात. कल्पकता आहे ना! मला विचाराल तर नोकरीत उपयोगी पडतात ते ली, आणि त्यांतही १९०६ चे.

आपल्याकडेही हे आजकालचं नाही. सरकारी माहिती पुरवणाऱ्या पत्र सूचना कार्यालयाची मुळं १९१९ पर्यंत जातात. जनसंपर्कवाल्यांची अखिल भारतीय संस्था १९५८ ची, आणि २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन. राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत माहिती अधिकारी आहेत, ‘लोकराज्य’ मासिक आहे. खासगी क्षेत्रात एजन्सी आहेत, तिथं माणसाला क्लायंट म्हणतात आणि कामाला कॅम्पेन. मराठी चित्रपटांचे प्रसिद्धीवाले आहेत. नायक-नायिकेला घेऊन ते एका दिवसात जितक्या वाहिन्या आणि जितकी महाविद्यालयं पालथी घालतात, तितकं पळणं माझ्याच्यानं झालं नसतं.

एजन्सीवाल्यांची एक गंमत मात्र सांगतो. क्लायंटला काय मिळालं हे दाखवायला ते कात्रणं फूटपट्टीनं मोजत. इतके कॉलम सेंटीमीटर. तेवढी जागा जाहिरातीनं घेतली असती तर इतके रुपये पडले असते. म्हणजे आम्ही तुमचे इतके रुपये वाचवले. २०१० मध्ये बार्सिलोना इथं या क्षेत्रातले जगभरचे जाणकार जमले आणि त्यांनी ठरवलं, की जाहिरातीच्या दरानं मोजलेली जागा म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे. हे ठरवायला बार्सिलोनाला कशाला जायला हवं? आमच्या हिशेबानं महापालिकेला सगळ्यात जास्त कॉलम सेंटीमीटर मिळाले ते कचरा डेपोला आग लागली त्या आठवड्यात.

मोजमापाचा आणि पोहोचण्याचा संबंध किती, हे २१ सप्टेंबर १९९५ ला कळलं. त्या दिवशी गणपती दूध प्यायला. कुणी प्रसिद्धिपत्रक काढलं नव्हतं, पत्रकार परिषद नव्हती, मोबाइलही नव्हते म्हटलं तरी चालेल. आणि दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे रांगा. शास्त्रज्ञांनी पृष्ठताणाचं कारण दिलं, दूध मूर्तीवरून खाली ओघळतंय हे दाखवून दिलं. तो झाला खुलासा. तो किती जणांनी वाचला, ते सांगायला नको.

हे हसण्यावारी नेता येतं, पुढचं नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, त्यानंतर दोनच दिवसांनी धरण फुटल्याची, त्सुनामी आल्याची आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसं गेली. पाणी नव्हतं, नुसती बातमी होती. त्या पावसाळ्यापासून आमच्याकडे नदी चढली की दर तासाला पत्रक निघू लागलं. सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी ‘नवीन काही नाही’ एवढं सांगणारं.

घरच्यांना या नोकरीचा उपयोग शून्य. नातेवाइकांची समजूत अशी, की मी महापालिकेत आहे म्हणजे पाण्याची चावी माझ्या खिशात आहे. लग्नाच्या पंगतीत मेहुण्यांचे व्याही वरण वाढून घेता घेता म्हणत, “आमच्या गल्लीतला दिवा दीड महिना बंद आहे, बघा जरा.” रात्री अकराला वार्ताहराचा फोन : “साहेब, एवढंच कन्फर्म करा, भिंत पडली का?” मी अंधारात चाचपडत उपअभियंत्यांना उठवायचो. “अहो,” बायको म्हणायची, “सकाळी पडलेलीच दिसेल ना ती!” माहितीचा अधिकार आल्यावर आणखी एक भर पडली. जन माहिती अधिकारी वेगळा आणि जनसंपर्क अधिकारी वेगळा, हे लोकांना पटेना. त्यांचे अर्ज माझ्याकडे. कायद्यानं माहिती अधिकाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे; मला वार्ताहर ३० मिनिटं देत, तीही उपकार केल्यासारखी.

पण खरं सांगायचं तर आमच्या दारावरच्या पाटीनंच मला ही नोकरी शिकवली. आमचं कार्यालय तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला. दारावर मोठी पाटी : जनसंपर्क. वरच्यांच्या हिशेबी तिचा अर्थ वर्तमानपत्रं. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. आपल्यासाठी ठेवलेला माणूस इथं बसतो, असं समजून ते सरळ आत येत. जन्माचा दाखला, मालमत्ता कराचं दुप्पट आलेलं बिल, कुत्रं चावलं, शेजाऱ्यानं गटारावर ओटा बांधला. शिपाई त्यांना “पहिला मजला, डावीकडे” म्हणून वाटेला लावायचे. सुरुवातीला मीही तेच करत असे. नंतर त्यांना बसवून घ्यायला लागलो. वर्तमानपत्रात जे तीन आठवड्यांनी यायचं, ते मला तिथं आधी ऐकू यायचं. कुठल्या प्रभागातून एकाच तक्रारीची दोन-तीन माणसं आली, की उद्या तिथं काय होणार हे सांगायला बातमीदार लागत नाही.

अडचण एवढीच, की बाहेरचं आत सांगणं माझ्या कामाच्या यादीत नव्हतं. आतलं बाहेर सांगायला पगार होता. दर सोमवारी आयुक्तांकडे खातेप्रमुखांची बैठक असे, तिथं मी कात्रणांची फाइल घेऊन टोकाच्या खुर्चीवर. विचारलं तर बोलायचं. एका उन्हाळ्यात एका चाळीतल्या बाई बाटली घेऊन आल्या. नळाचं पाणी, चहासारखं. पाणीपुरवठा खात्यानं त्यांना लेखी अर्ज करायला सांगितलं होतं. त्यांनी तो केला होता, पोच होती. त्याच भागातल्या चाळींतून आदल्या आठवड्यात आणखी दोघं येऊन गेले होते. मी ती बाटली ठेवून घेतली.

सोमवारच्या बैठकीत प्रत्येकापुढे मिनरल वॉटरची एकेक बाटली असते. आयुक्तांच्या बाटलीशेजारी मी ही ठेवली.

“हे काय आहे?”

“कात्रण, सर. अजून छापून आलेलं नाही.”

पाणीपुरवठा खात्याच्या अभियंता साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचं वर्णन करत नाही. पण माणूस कामाचा. त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरली, वास घेतला, आणि कुठल्या चाळी एवढंच विचारलं. दुपारी त्यांची माणसं तिथं खोदत होती. पिण्याच्या पाण्याची जुनी वाहिनी एका गटाराखालून गेलेली होती आणि तिथंच गंजली होती. तीन दिवसांत नवी टाकली.

चौथ्या दिवशी त्यांच्याकडून प्रसिद्धीसाठी टिपण आलं. मथळा त्यांनीच सुचवलेला : ‘प्रशासनाची तत्परता’. पहिल्याच ओळीत १५० मिमी व्यास होता. मी तो खाली नेला.